भिंतीलगतची जागा

१२ जानेवारी १९६४, रविवार

— आणि चुलीतली राख काढून झाली होती, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं होतं, हे विहिरीवरून दोन घागरी घेऊन आले होते. तवा ठेवला तर कलंडला. तीन दगडांची चूल, त्यातला एक हलत होता. आई अंगणात तूर पाखडत होत्या. तिथूनच ओरडल्या, "गवंड्याच्या घरची चूल हालते! गावाच्या भिंती बांधते, अन् घरी पाह्य!" हे हसले. म्हणाले, "रविवारी नवी मांडून देतो." मी भाकरी बांधून दिली, हे थापी घेऊन कामावर गेले. एवढंच. त्या सकाळी विशेष काही घडलं नाही. तरी आज उपासनेत सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते आणि मी ती सकाळ पाहत होते. पिठाचा वाससुद्धा आला!

तो रविवार आलाच नाही. शुक्रवारी छातीत कळ आली आणि गेले. पाच वर्षं झाली. चूल तशीच आहे. दगडाखाली खापराचा तुकडा सरकवते, आठ दिवस निघतात.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी थांबवलं. पाच फेब्रुवारीला बायकांच्या सभेत बोध मी करायचा! विषय — निःस्वार्थीपणा, जुन्या करारातून. मी म्हटलं, साहेब, मी शाळेचा उंबरा पाहिलेला नाही. "म्हणूनच," ते म्हणाले. "शिकलेल्यांचा बोध ऐकताना आपल्या बायका झोपतात."

खरं आहे, शाळा पाहिली नाही. पाठ असलेल्या ओळींवर बोट ठेवून ठेवून अक्षरं ओळखीची केली. ह्यांना फार कौतुक होतं त्याचं. "माही बायको वाचते," असं मोताळ्याच्या बाजारात अनोळखी माणसांनाही सांगायचे.

१५ जानेवारी

आईंचा खोकला उतरत नाही. आई म्हणजे ह्यांची आई, तानुबाई. आम्ही दोघीच आता घरात. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग माझ्याकडे पाहिलं आणि औषधाचं न बोलता म्हणाले, "त्यांना हवं ते खाऊ द्या." मला कळलं. आईंनाही कळलं असणार. त्यांना काय कळत नाही!

दुपारी पेज घेऊन गेले तर म्हणाल्या, "सिंधू, एक मागू का?"

त्यांनी आजवर कधी मागितलं नाही. हुकूमच केला.

"मले माह्या इंद्रभानापाशी ठेवजो."

मी वाटी धरून उभी.

"तुह्या सासऱ्याले जाळलं. राख नदीत गेली. तवा आपण ख्रिस्ती नव्हतो. मातीत माह्यं कोन हाय सांग? एक तोच."

"पेज घ्या आई, निवून जाईल," मी म्हटलं.

१६ जानेवारी

दोन वेळा पेज दिली, पाय चेपले. कालचा विषय दोघींनीही काढला नाही.

१८ जानेवारी

लिहून ठेवते, म्हणजे डोकं मोकळं होईल.

ह्यांची कबर कबरस्थानाच्या भिंतीला लागून आहे. भिंत ह्यांनीच बांधलेली. त्यामुळे भिंतीकडून कोणाला जागा नाही. दुसऱ्या अंगाला एका माणसापुरती माती आहे, आणि त्यापुढे काळा खडक. नंतरचे सगळे खाली नाल्याच्या टोकाला. ह्यांना माती दिली त्या दिवशी शेषरावांनी — कबरस्थान तेच पाहतात — ती जागा मोजली, चार कोपऱ्यांना चुना लावलेले चार दगड ठेवले आणि म्हणाले, "वैनी, हे तुमचं."

त्या दिवशी मी बाकी काही ऐकलं नाही. तेवढं ऐकलं.

पाच वर्षं दर रविवारी मी त्या चार दगडांमध्ये जाऊन उभी राहते. निंबाची सावली आधी ह्यांच्यावर येते, मग माझ्या जागेवर. मूल नाही, बाळ नाही. बाकीच्या बायका पोरीच्या लग्नाची वाट पाहतात, सुनेची वाट पाहतात. मी त्या सावलीची पाहते. पाप असेल तर असो, पण खरं आहे.

आणि आई तेच मागतात.

२० जानेवारी

बोधाची तयारी. सारफथच्या विधवेची गोष्ट काढली. दुष्काळ. मडक्यात मूठभर पीठ, तिचं आणि मुलाचं शेवटचं जेवण. एलीया येतो आणि म्हणतो, आधी मला भाकर कर. आधी मला! आमच्या दारात असा कोणी आला असता तर आईंनी त्याला सूप फेकून मारलं असतं.

तिनं दिली. मडकं सरलं नाही.

सभेला आवडेल. मलाही आवडली. पीठ मी देईन — शेवटचं मागितलं तरी देईन. पीठ पुन्हा दळता येतं.

२४ जानेवारी

कबरस्थानात गेले, आडवारी. शेषराव गवत कापत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, पलीकडचा खडक फोडता येईल का?

"सुरुंग लावा लागन, वैनी! इंद्रभानभाऊंची भिंत जाईन, अन् खालचे सारे उठून बसतीन."

हसले मी. घरी येऊन रडले.

२७ जानेवारी

अब्राहाम आणि लोट. काका-पुतण्याच्या गुराख्यांची भांडणं, चारा पुरेना. मोठा अब्राहाम, हक्क त्याचा. तरी पुतण्याला म्हणतो, तू निवड, उरेल ते माझं. पुतण्यानं पाण्याची हिरवी बाजू घेतली. म्हाताऱ्यानं उरलेल्या बाजूला तंबू ठोकला. केवढं मन!

पण पुढे वाचत गेले आणि एके ठिकाणी थबकले. त्याच अब्राहामाची बायको सारा वारली. तिला पुरायला त्यानं शेत विकत घेतलं. फुकट देत होते, तरी घेतलं नाही — चार लोकांसमोर पुरती किंमत मोजली, जागा पक्की केली आणि नंतर स्वतःही तिच्याचजवळ गेला. म्हणजे हिरवं खोरं सोडणारा माणूसही कबरीची जागा सोडत नाही!

मला इतकं बरं वाटलं की उठून आईंना शिरा केला.

२८ जानेवारी

काल शिऱ्याचा घास घेताना आई म्हणाल्या, "आज काऊन इतकी खूश?" मी म्हटलं, काही नाही, बोध सापडला.

आज स्वतःचीच शरम वाटते. देवाच्या पुस्तकात मी वकील शोधत होते.

३० जानेवारी

आईंना आता धरून बसवावं लागतं. वजन उरलं नाही. सुपात घेऊन पाखडता येतील एवढ्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

आमच्या लग्नात पाळकांनी दोन ओळी वाचल्या होत्या. तू जाशील तिथं मी येईन, तू मरशील तिथं मी मरेन आणि तिथंच मला माती मिळो, अशा अर्थाच्या. मी पंधरा वर्षांची होते. नवऱ्याकडे पाहायची लाज, म्हणून त्या ओळीच कानात धरून बसले. बावीस वर्षं संसार केला त्या ओळींवर. चार दगडांची जागा म्हणजे त्याच ओळी, मी तर असंच समजत आले. बायकोनं नवऱ्याला दिलेला शब्द.

त्या रूथच्या गोष्टीतल्या, एवढं माहीत होतं. चार पानांची गोष्ट. पण ओळी पाठ, मग वाचायचं काय राहिलं? आज बोधासाठी पहिल्यांदा पहिल्यापासून वाचली, बोट ठेवून.

नवरा तर आधीच मेलेला आहे! पहिल्याच पानावर. रूथ विधवा आहे. आणि हे सगळं ती बोलते ती सासूला.

सासूला!

पुन्हा वाचलं. तेच. नामी नावाची म्हातारी, नवरा गेलेला, दोन्ही पोरं गेलेली, मन कडू झालेलं — सुनेला म्हणते, जा बाई तू तुझ्या माहेरी, माझ्याजवळ काय आहे? आणि ही जात नाही.

बोट त्या ओळीवरून उचलवेना. आतून आई खोकत होत्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

बोध झाला. अकरा बायका होत्या. आवाज फुटला.

पिठाची गोष्ट सांगितली, काका-पुतण्याची सांगितली. म्हटलं, आपण आजकालच्या ख्रिस्ती बायका फार देतो — जुनं लुगडं देतो, उरलेली भाजी देतो, नाताळात फराळ देतो. ते चांगलंच. पण या जुन्या माणसांनी उरलेलं दिलं नाही. ज्यावाचून आपलं चालणार नाही असं वाटत होतं, ते दिलं. मग रूथचं सांगितलं, आणि ती कोणाशी बोलते तेही.

शालूबाई, आमच्या शेजारची, मोठ्यानं म्हणाली, "सासूले? मंग ते लग्नात काऊन वाचतेत वं?"

सगळ्या हसल्या.

"माह्या सासूपाशी पुरतो म्हनलं," शालूबाई म्हणाली, "तर मी मरतच नाही बापा!"

मीही हसले. पाळकीणबाई म्हणाल्या, सिंधूताई, किती सुंदर बोललात. सगळ्यांनी माझे हात धरले. माझ्या चार दगडांबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते.

६ फेब्रुवारी

सकाळी आईंची वेणी घालताना सांगितलं. मागून सांगितलं, तोंड दिसायला नको म्हणून.

"आई, ह्यांच्या शेजारची जागा तुमची."

आईंनी हातानं वेणी चाचपली. मग म्हणाल्या, "वेनी सैल घाल. डोस्कं दुखते."

थोड्या वेळानं, "हो म्हनली तू?"

"हो."

"मनातून?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं! "मनातून अजून येत नाही. पण हो."

आई हसल्या. इतक्या दिवसांनी! हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळत बसले. पाठीची हाडं हाताला लागत होती. ह्यांची पाठ अशीच होती, मधोमध खोल.

९ फेब्रुवारी, रविवार

कबरस्थानात गेले नाही. आईंना सोडून कशी जाणार? पाच वर्षांत पहिला रविवार चुकला. सावलीच्या वेळी मात्र लक्ष तिकडेच.

शेषराव आईंना पाहायला आले. आईंनी मला लगेच पिटाळलं — "जाय, ताजं पानी आन. हे शिळं लागते." घागर सकाळीच भरली होती. पण आईंशी वाद कोण घालणार? भरून आणलं. शेषराव जायला निघाले होते, माझ्याकडे न पाहता गेले.

११ फेब्रुवारी

आज माझा हात धरून मला "माय" म्हणाल्या. मला वाटलं भ्रम झाला. तर लगेच, "भाकर करपून राह्यली तुही!" म्हणजे शुद्धीत होत्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आई गेल्या. दुपारी, निवांत, माझ्या मांडीवर. शालूबाई आली, तिनंच डोळे मिटवले. थट्टा करणारी तोंडात पदर धरून रडत होती.

संध्याकाळी शेषराव आले. "वैनी, सकाळी नाल्याकडं खांदतो."

मी म्हटलं, नाल्याकडे का? भिंतीपाशी. जागा आईंची आहे.

ते टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्या दिशी म्हातारीनं तुमाले पान्याले धाडलं ना, तवा सांगतलं मले. 'पोरगी हो म्हनली रे शेषराव. मले तेवढंच पायजे होतं. जागा तिचीच राहू दे, मले खाली टाकजो. अन् तिले आत्ता सांगू नको, रडत बसन.' मी शब्द देल्ला, वैनी. चर्चच्या पंचाइलेबी सांगून ठेवलं."

इथं कोणी वाचत नाही, म्हणून खरं लिहिते. आधी मला आनंद झाला. आईंचं अंग अजून गार झालं नव्हतं आणि मला आनंद झाला. जागा माझी. दिलेली परत आली. आईंनीच दिली. देवाघरीही कोणी जाब विचारणार नाही.

शेषराव गेल्यावर आईंच्या उशाशी बसले. सैल वेणी तशीच होती. मातीत माह्यं कोन हाय सांग, असं त्या म्हणाल्या होत्या.

१३ फेब्रुवारी

सत्तावीस वर्षांत आईंचा एक शब्द मोडला नव्हता. आज मोडला. सकाळी शेषराव कुदळ घेऊन नाल्याकडे निघाले, त्यांना हाक मारून भिंतीपाशी नेलं. आईंना ह्यांच्या शेजारी माती दिली. मग ते चार दगड दोन खेपांत घरी आणले, चुना खरवडला आणि चूल नवी मांडली. तीन लागले, चौथा दाराशी ठेवला. भाकरी केली. तवा हलला नाही.