एका बाजूची फुली

१४ ऑक्टोबर, सोमवार

वणव्याचा हंगाम सुरू. बूट तेच, हेल्मेट नवं. डेपोत ग्रँटने यादी वाचली – जंगलाचे सव्वीस प्लॉट, प्रत्येकातला वाळका पाला नाताळच्या, म्हणजे भर उन्हाळ्याच्या, आत मोजून संपवायचा. साहेब झाल्यापासून तो यादी उभ्याने वाचतो. माझ्या जोडीला ग्लेंडा. ती पंचवीस वर्षं शाळेची बस चालवायची, त्यामुळे गप्प बसलेलं माणूस तिला सहन होत नाही. गाडी सुरू व्हायच्या आत म्हणाली, "लोरेटा, तोंडाला कुलूप लावलंयस का गं?" मी म्हटलं, लावलंय. ती खूश झाली आणि पुढचे चाळीस किलोमीटर एकटीच बोलली.

प्लॉट १. पालापाचोळा ३५ मिलिमीटर. झुडपं कमरेपर्यंत, वाळलेली बरीच. वणव्याला चांगलं जेवण आहे. तसं लिहिलं, साध्या शब्दांत.

संध्याकाळी डेपोतून निघताना ग्रँटने दाराशी थांबवलं. आमच्या तुकडीतल्या डेसच्या एप्रिलमधल्या अपघाताचा अहवाल आला म्हणे. "झाडावर खूण होती. डेस न बघता खाली गेला. तुझ्यावर काही नाही. सुटलीस."

बरं, म्हटलं. घरी येऊन टोस्ट खाल्ले.

१५ ऑक्टोबर

प्लॉट २ आणि ३. चाळीस, पंचवीस. बाकी काही नाही.

१७ ऑक्टोबर

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय.

एप्रिलची सात तारीख. स्टोनी पिंच या चढावरची जाळरेषा. वणव्याला खायला उरू नये म्हणून आपण जंगल मुद्दाम जाळतो, त्याच्या आधी कोणीतरी रेषेच्या कडेने चालत जातं आणि एकेक झाड कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून बघतं. पोकळ लागलं की पिवळी फुली. पोकळ झाडात आग शिरली की ते कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून त्याच्या खाली कोणी थांबायचं नाही. फुली दोन्ही बाजूंनी काढायची – वरून येणाऱ्यालाही दिसली पाहिजे आणि खालून येणाऱ्यालाही. पहिल्या दिवशी शिकवतात ती हीच गोष्ट.

मी ओढ्याकडून वर चढत होते. सतराव्या झाडाशी फवाऱ्याच्या रंगाचा डबा संपला. खालच्या बाजूला फुली उठली, जरा पातळ. वरच्या बाजूला गेले तर नुसती हवा फुसफुसली. म्हटलं, गाडीतून नवा डबा आणू आणि काढू. कागदावर '१७ – खूण केली' लिहिलं. गाडीशी गेले तर सगळे जेवायला बसले होते. मीही बसले. नवा डबा घेऊन वर आले आणि अठराव्यापासून सुरू केलं. एवढंच. दमले नव्हते, घाई नव्हती, कोणाशी भांडणही झालं नव्हतं.

नऊ तारखेला आग लावली. डेस पाण्याची नळी घेऊन वरून खाली आला. सतरावं झाड त्याच्यावर पडलं. त्याला बाहेर काढायला खोडाचे पाच तुकडे केले. त्यातल्या एकावर पिवळा रंग होता. त्याचाच फोटो अहवालात आहे. ती कुठली बाजू होती ते आता कोणीच सांगू शकत नाही. मी सोडून.

लिहिल्यावर काहीतरी होईल असं वाटलं होतं. झालं नाही. भांडी घासली.

२ नोव्हेंबर

बेकरीत मॉरीन भेटली. डेसची बायको. टाळावं म्हटलं तर तिने हातच धरला.

"लोरेटा, तूच सांग, या माणसासाठी अजून केवढी फुली काढायची? सत्तावीस वर्षं सांगतेय, डोळे उघडे ठेवून चालत जा. मागच्या दारावर 'पाय पुसा' लिहिलंय, तेही त्याला दिसत नाही. आता मांडीत लोखंड घालून बसलाय आणि म्हणतो, हो, चूक माझीच. तुझीच तर! आणखी कोणाची?"

रांगेतली माणसं हसली. तिचे डोळे मात्र सुजलेले होते. "ये ना गं घरी. त्याच्याकडे कोणी येत नाही."

येते, म्हटलं. दोन सॉसेज रोल घेतले, एक गाडीतच खाल्ला. गेले नाही.

१२ नोव्हेंबर

टेहळणीच्या मनोऱ्यावर या उन्हाळ्यासाठी माणूस हवंय. दिवसभर खुर्चीत बसायचं, दुर्बीण फिरवायची, धूर दिसला की रेडिओवर सांगायचं. डेसने अर्ज केलाय. जिना बसत बसत चढेन म्हणतो. तीस वर्षं त्याने याच डोंगरात काढली. कुठल्या ओढ्यातून धुकं उठतंय आणि कुठून धूर, हे त्याच्याइतकं इथे कोणालाच कळत नाही. त्याला दुसरं काही करताही येत नाही.

चहाच्या वेळी ग्रँट म्हणाला, "ज्याला हातभर फुली दिसली नाही, त्याला तीस किलोमीटरवरचा धूर दिसणार?"

सगळे हसले. मीही हसले. आवाज नेहमीसारखाच आला.

१३ नोव्हेंबर

प्लॉट ११. ३० मिमी. एका काळ्या सापाने आम्हाला रस्ता दिला.

२५ नोव्हेंबर

रस्त्याकडेची पोकळ झाडं. प्रत्येकाला चारही बाजूंनी फुली काढली. ग्लेंडा कमरेवर हात ठेवून बघत होती. "नवरी नटवतेस का गं? दोन पुरेत. असा रंग उडवलास तर शुक्रवारी आपण झाडांना लिपस्टिक लावत बसू." मी ऐकलं नाही. दुपारपर्यंत तीन डबे संपले. तिने चौथा न बोलता आणून दिला. बसमधल्या मुलांनाही ती अशीच सांभाळत असणार.

९ डिसेंबर

डेस डेपोत आला. कुबडी एका हातात, दुसऱ्या हातात मॉरीनने केलेल्या लॅमिंग्टनचा, खोबऱ्यात घोळवलेल्या केकचा, डबा. वजन निम्मं झालंय. चहाच्या वेळी मुद्दाम सगळ्यांसमोर उभा राहिला. बोलायचं पाठ करून आला होता.

"मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. पण अहवाल वाचला. खूण होती आणि मी गेलो. तुम्ही जिवावर उदार होऊन मला बाहेर काढलंत. माफ करा."

कोणीतरी म्हणालं, असू दे रे. मग तो एकेकापाशी जाऊन हात मिळवायला लागला. माझ्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबला. "तू तुझं काम चोख केलंस, लोरेटा. माझ्यामुळे तुलाही चौकशीत बसावं लागलं. माफ कर."

त्याच्या बाहीवर खोबऱ्याचा कीस होता. मी तो झटकला. म्हटलं, "चालायचंच."

चालायचंच म्हणाले मी.

१० डिसेंबर

आज कामाला गेले. याहून लिहिण्यासारखं काही नाही.

१६ डिसेंबर

ग्रँटने एक कागद हातात दिला. मनोऱ्याच्या अर्जात डेसने ओळखीच्या माणसाचं नाव द्यायचं होतं. माझं दिलंय.

"दोन ओळी लिही. सुरक्षिततेच्या बाबतीत या माणसावर भरवसा ठेवता येईल का, एवढंच. गुरुवारपर्यंत."

"माझं नाव का?"

"म्हणाला, लोरेटासारखं नीट काम करणारं माणूस माझ्या बाजूने बोललं तर वजन पडेल."

कागद गाडीच्या टपावर ठेवून विसरले. ग्लेंडाने पळत जाऊन आणला.

१७ डिसेंबर

प्लॉट २४. ग्लेंडाने तीनदा विचारलं, "आकडा सांग ना गं." पट्टी पाचोळ्यात रोवून मी बसले होते आणि आकडा वाचलाच नव्हता. शेवटी तिनेच वाकून वाचला. काय झालंय विचारलं नाही. परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच गप्प होती. ते जास्त जड गेलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

ग्रँटला कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: सतराव्या झाडावर फुली फक्त खालच्या बाजूला होती. डेस वरून आला. त्याला दिसण्यासारखं काही नव्हतं. फुली मी काढली होती.

त्याने दोनदा वाचलं. उठून दार लावलं. मग कागदाची घडी करून माझ्याच खिशात घातली.

"हे मी वाचलेलं नाही. अहवाल बंद झालाय. उकरून काढलंस तर तुझी नोकरी जाईल, आणि रोजचे कागद मी तपासतो, म्हणजे माझीही. त्याच्याबद्दल चांगल्या दोन ओळी लिहून आण. मनोऱ्याचं मी बघतो. सगळ्यांचंच भागेल."

सौदा वाईट नाही. डेसला खुर्ची मिळेल, मला पुढचा हंगाम. घरी येऊन नवा कागद घेतला. 'डेस हा अत्यंत काळजीपूर्वक' इथवर लिहिलं आणि कागद फाडून केरात टाकला.

२० डिसेंबर

डेसच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. वही गाडीत होती.

सांगितलं. उभ्यानेच. तो नाताळसाठी वाटाणे सोलत होता, हात थांबले नाहीत. शेवटी विचारलं, "वरून काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

"मी नीट बघितलं असतं, तरी?"

"तरी."

आणखी दोन शेंगा सोलल्या. मला वाटलं, आता हाकलणार. म्हणाला, "मॉरीन साडेपाचला येते. बस. हे सगळं तिच्यासमोर परत सांगायचं, एक शब्द कमी करायचा नाही. आठ महिने मी या घरात आंधळा आहे."

मग आत जाऊन त्याने न्हाणीघराचं दार लावून घेतलं. नळ अजून चालूच आहे.

पाच पंचवीस. तिची गाडी फाटकातून आत वळली.