एक जून आणि एक नोव्हेंबर

बाई,

तुम्ही लिहिलेल्या एका तारखेपायी गेल्या वर्षी माझ्या तोंडात कापसाची काडी फिरवली. माझ्या एकटीच्या नाही, आईच्याही, आणि तिकडे अमेरिकेत धाकटीच्याही. आम्ही दोघी बहिणी एकाच आईच्या मुली आहोत की नाही, हे तिथल्या सरकारला पाहायचं होतं. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या असतात, "अगं, नाकं बघा की दोघींची!" पण नाक चालत नाही म्हणे, डीएनए लागतो. शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म एक जूनचा आणि धाकटीचा त्याच सालातला एक नोव्हेंबरचा. पाच महिन्यांच्या अंतरानं एका बाईला दोन मुली होत नाहीत, हे कळायला अधिकारी असायची गरज नाही. तरी आयुष्यभर आमचे कागद बघणाऱ्या कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही.

तो दिवस मला अजून दिसतो. शाळा सुरू होऊन आठवडा झालाय, आणि तुम्ही शाळेबाहेरची मुलं गोळा करत लालबागच्या आमच्या चाळीत आल्या आहात. वडील गिरणीत पहिल्या पाळीला. आई मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायला. मी गॅलरीत धाकटीला कडेवर घेऊन उभी आहे. मी सात वर्षांची, ती साडेतीनची, तिचे पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबतायत. "शाळेत का नाही गं तू?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "हिला कोण बघणार?" तुम्ही आम्हा दोघींकडे बघता आणि म्हणता, "मग हिलाही घेऊन ये." एवढंच. माझं सगळं पुढचं आयुष्य या चार शब्दांनी झालं, बाई. तेव्हा मला वाटलं होतं, शाळेत असंच असतं, प्रत्येक जण आपलं एक पोर घेऊन येतो.

महिनाभर ती माझ्या शेजारी बसकरावर बसली, पाटी चाटली, झोपली. मग तपासणीला साहेब येणार असं ठरलं. पटावर नाव नसलेलं मूल वर्गात दिसता कामा नये, म्हणून तुम्ही आईला दुकानातून बोलावून घेतलंत. ती तशीच आली, हातांना आणि पदराला मिरचीची धूळ. तुम्ही रजिस्टर उघडलंत आणि शिंकायला लागलात. आई म्हणाली, "मोठी पावसाच्या तोंडार झाली, धाकटी दिवाळीत. साल काय माका म्हायत नाय." शिंकता शिंकता तुम्ही लिहीत गेलात. मला सहाच्या वर दाखवलं तर दुसरीत बसवावं लागलं असतं, तिला पाचाच्या आत दाखवलं तर वर्गाबाहेर. आणि ती बाहेर म्हणजे मीही घरी. म्हणून दोघींना एकाच सालात कोंबलंत. मला सगळ्या पोरांची असते ती एक जून. धाकटीला मात्र दिवाळीचा महिना दिलात. जेवढं खरं ठेवता आलं तेवढं ठेवलंत. परवा हा विषय निघाला तेव्हा आई पोट धरून हसली. म्हणाली, "बाईंचा लगीन नाय झालेला, म्हणान. नायतर नऊ म्हयने तरी सोडले असते."

तुमचा ओरडाही आठवतो. धाकटीनं बसकर ओलं केलं आणि वर्ग हसला, तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. तुम्ही माझा कान धरून मला उभं केलंत. "पुन्हा हात उगारलास तर तुलाच घरी पाठवीन. कोण कोणामुळे शाळेत आहे ते अजून ठरायचंय!" ते पुढे ठरलं. चौथीपर्यंत ती माझी गणितं सोडवायला लागली होती. साडेतीन वर्षांची पाटी चाटणारी पोरगी औषधशास्त्र शिकून अमेरिकेला गेली. मी मॅट्रिक झाले आणि परळच्या एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर लागले. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन गिरगावात तुमच्या खोलीवर आले, तर तुम्ही आधी धाकटीची चौकशी केलीत. मला जरा रागच आला होता. निघताना हातात आवळ्याच्या लोणच्याची बरणी दिलीत आणि म्हणालात, "आईला सांग, मिरची बेतानं घातलीय." तीच आपली शेवटची भेट. तुम्ही गेल्याचं मला वर्षानं कळलं, आणि मी खिडकीवर बसून लोकांचे केसपेपर काढत राहिले. त्या दिवशी रजा टाकायला हवी होती. त्या तारखेनं मी कागदावर वर्षानं लहान राहिले आणि मला नोकरीचं एक वर्ष जास्तीचं मिळालं, हे तर निवृत्त झाल्यावर लक्षात आलं. कोणत्या शिक्षिकेनं विद्यार्थिनीला एवढं दिलं असेल?

धाकटी तिकडची नागरिक झाली तशी तिनं आम्हा दोघींना बोलावण्याची खटपट सुरू केली. आईचं काम लवकर झालं असतं, पण आई अडून बसली. "मोठयेक सोडून मी खय जाव्‌चंय नाय." मी लग्न केलेलं नाही, तिला वाटतं, मी एकटी पडले तर चहावर जगेन. बहिणीच्या अर्जाचा नंबर लागायला सोळा वर्षं गेली. तोवर आई ऐंशीच्या पुढे गेली, धाकटीचे केस पांढरे झाले, आणि मग पत्र आलं: नातं सिद्ध करा. माझा अर्ज फेटाळला तर आई जाणार नव्हती, आणि पुन्हा सोळा वर्षं थांबण्याइतकं आयुष्य तिच्याकडे उरलं नव्हतं.

व्हिसाची कामं करणारा दादरचा वकील म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ. आधी एक अ‍ॅफिडेव्हिट टाकून बघू. शिक्षिकेच्या निष्काळजीपणामुळे चुकीची जन्मतारीख लागली, बस. खपलं तर डीएनएची भानगडच नको." त्यानं कागद तयारही ठेवला होता. मी दोनदा वाचला आणि परत सरकवला. "बाईंना निष्काळजी म्हणणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही." तो हसला. "बाई हयात नाहीत ना? मग त्यांना काय फरक पडतो?" मी म्हटलं, "मला पडतो." रात्री धाकटीचा फोन. "ताई, वेड लागलंय का तुला? टेस्टमध्ये महिने जातील. बाई गेल्या गं. आई आहे. तुला कोण महत्त्वाचं?" तरी मी सही केली नाही. इतकी वर्षं हट्ट आईनं केला, एक मी केला.

काडी फिरवायच्या दिवशी आईला मशेरी लावू नकोस म्हणून बजावलं होतं. तिनं लावलीच. डॉक्टरांनी चार वेळा चुळा भरायला लावल्या आणि तासभर बसवून ठेवलं. आई तिथल्या पोरीला सांगत होती, "दोघीय माझ्या पोटच्यो. ह्यां सांगूक कापूस कित्याक होयो?" पोरगी नालासोपाऱ्याची, पण मूळची कोकणातली, तिला सगळं समजत होतं, पण तिनं गंभीरपणे आमचे फोटो काढले, पासपोर्ट तपासले, पाकीट बंद करून शिक्का मारला. पुढचे सगळे दिवस मला झोप लागली नाही. आई मला जन्मापासून ठाऊक आहे, तरी रात्री उठून मी तिचं नाक निरखत बसायची. चाळीत कोणीतरी मला लहानपणी म्हटलेलं, "तुला कोंड्यावर घेतलीय, तू आईच्या पोटची नाहीस," तेसुद्धा आठवायला लागलं. अहवाल आला: दोघीही तिच्याच. मी आईच्या मांडीत डोकं घालून रडले, आणि ती म्हणाली, "आता बाईंक कळवूक होया."

म्हणून हे पत्र लिहायला बसले. पण पुढचं आईला ठाऊक नाही. वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीच्या दिवशी काचेपलीकडे एक तरुण गोरी बाई होती, शेजारी मराठी बोलणारा दुभाषी. अहवाल बघून ती समाधानानं मान हलवत होती. मग तिनं सहज विचारलं, नातं तर खरं आहे, मग तारखा अशा का? मी तीन दिवस आरशासमोर उत्तर घोकलं होतं: आमच्या बाईंनी मुद्दाम लिहिल्या, कारण नाहीतर मी शाळेत गेलेच नसते. तोंड उघडलं आणि मनात आलं, मुद्दाम म्हटलं तर दाखला खोटा, दाखल्यावरची नोकरी खोटी, पासपोर्ट खोटा. आई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "बाईंची चूक झाली." दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं, तिनं टाईप केलं, आणि मंजूर म्हणून हसली.

पुढच्या महिन्यात आम्ही निघतो. धाकटीनं आईसाठी खिडकीजवळची खोली ठेवलीय. धाकटीला वाटतं, मी शेवटपर्यंत तुमच्या बाजूनं उभी राहिले, फोनवर मला म्हणाली, "ताई, तुझंच बरोबर होतं." मी तिला सामान किती किलो चालतं ते विचारलं. गिरगावातल्या तुमच्या खोलीत आता कोण राहतं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी हे पत्र पोस्टात पडलं नसतं. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, बाई: त्या काचेपुढे मला पुन्हा उभं केलं, तर मी पुन्हा तेच सांगेन.