जर्दाळूचा ताप

येरेवान, २४ जून २०२२

ताई,

उजवा हात रक्त गाळणाऱ्या यंत्राला जोडलेला आहे, म्हणून डाव्याने लिहितोय. अक्षराला हसू नकोस. धाकट्याचा नमस्कार घे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सुरेन गाडीवाल्याबरोबर.

तोच सांगत होता, तुझ्या न्वार्दचं पोट तीन दिवस दुखतं, ताप चढतो, चौथ्या दिवशी पोरगी खडखडीत. आणि तू तिला कामचुकार म्हणतेस. मलाही म्हणायचीस. ‘वाझगेनला आला जर्दाळूचा ताप’ हे गाणं तुझंच. ताप बर्फातही यायचा, पण बाबांना जर्दाळूच्या तोडणीतलाच दिसायचा. पट्टा काढायचे, तरी मला उठता यायचं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, आपल्या रक्तातला पहारेकरी झोपतच नाही. प्लेगचा जंतू इतरांच्या पहारेकऱ्याला गुंगवायचा. आपल्या पूर्वजांचा बहुधा गुंगला नाही. ते जगले, त्यांची पोरं जगली, ती आपण. प्लेग गेला. आता आई आणि बाप दोघांकडून हा वारसा आला, की पहारेकरी घरच्यांवरच तलवार चालवतो. माझी मूत्रपिंडं त्यातच गेली. लहानपणापासून रोज एक गोळी मिळती, तर वाचती.

न्वार्दला घेऊन ये. सकाळची पहिली लघवी बाटलीत आण, मूत्रपिंडं धड आहेत का, ते त्यावरून कळतं. जर्दाळू पाठवू नकोस, मला आता चालत नाहीत.

राग ठेव, पण लोभाला थोडी जागा राहू दे.

तुझा वाझगेन

वेदी, २६ जून

शहाण्या वाझगेन,

आशीर्वाद. पूर्वज छान आहेत तुझे. स्वतः वाचले आणि आपल्याला मागे ठेवून गेले.

न्वार्दचा बाप म्हणतो, आजाराचं नाव फुटलं तर उद्या पोरीला कोण करून घेईल? तोडणी झाल्यावर बघू. झाडं पिकली आहेत.

एक सांगते. माझंही दुखायचं. नवव्या वर्षापासून. पण तू आधीच अंथरुणात असायचास. दोघं झोपलो असतो तर शिडीवर कोण चढलं असतं? दात आवळून मी चढले. गाणं वरूनच म्हणायचे, मोठ्याने, म्हणजे माझ्या तोंडाकडे कुणी बघू नये. तू झोपायचास, याचा राग अजून गेलेला नाही. न्वार्द झोपते, त्याचाही येतो. दुखणंही गेलेलं नाही. त्याबद्दल मला विचारू नकोस.

जपून राहा. माया आटली असती, तर एवढं लिहिलं नसतं.

सिरानुश

दुसऱ्या दिवशी सकाळी येरेवानला सुरेनच्या गाडीतून न्वार्द एकटीच उतरली. आई शिडीवर आहे, असं तिने मामाला सांगितलं. तिच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. एकीवर तिचं नाव होतं, दुसरीवर सिरानुशचं.