अवजारांची वाटणी

शॉनव्हन, सस्कॅचेवान
२४ मे १९८७

चि. सिग्नेस,

अनेक आशीर्वाद. इकडे अजून गारठा आहे, तेव्हा ते थोडे गार लागले तरी गोड मानून घे.

पत्र मिळालं. फोनवर मला धड ऐकू येत नाही म्हणून तू लिहितेस, आणि लिहिताना मात्र बसनं कधी येणार हेच मोठ्या अक्षरांत ओरडून विचारतेस. तर बसनं नाही. जुलैत मी मोटरसायकलवरून तुझ्याकडे व्हाइटहॉर्सला येतो आहे.

गाडी तयार आहे. अडलंय ते अवजारांपाशी. अडतीस वर्षं लोकांची कापणीयंत्रं दुरुस्त केली, त्यामुळे कुठलाही पाना उचलला की तो जवळ नसल्यानं कुठल्या शेतात खोळंबलो होतो ते आठवतं, आणि तो परत पिशवीत जातो. शेजारचा ओरेस्ट ढीग बघून म्हणाला, की लेकीला भेटायला निघालायस का तिच्या दारात वर्कशॉप टाकायला. धान्याच्या काट्यावर एकोणीस किलो भरलं. हातोडी काढली, तासाभरानं पुन्हा ठेवली. चार दिवस हेच चाललंय. जेवणसुद्धा उभ्यानं होतंय.

आमच्या जावयाला, कॉनराडला, आशीर्वाद सांग. माया आहे तशीच ठेव.

तुझा पप्पा

व्हाइटहॉर्स, युकॉन
३ जून

ती. पप्पांस सा. न. (एवढ्या लांबून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून)

एकोणीस किलो म्हणजे मागच्या सीटवर एक पोरगं बसवल्यासारखंच. इथले गाडीवाले काय करतात ते सांगते. निघण्याआधी गाडीची सगळी कामं एकदा अंगणात करायची, पण फक्त बरोबर न्यायच्या अवजारांनी. ज्याला हात लागला नाही ते घरी. ज्याच्यासाठी उठून शेडमध्ये जावं लागलं ते पिशवीत. बघा करून, आणि लबाडी करू नका.

कॉनराडनं मागच्या खोलीला मोठी खिडकी बसवली आहे. पलंगही आला. हिवाळाभर राहायला काहीच हरकत नाही, घाईनं परत जाऊन तिथे करायचंय काय? पण पप्पा, डॉसन क्रीकच्या पुढे खडीचा रस्ता आहे, तासतासभर माणूस दिसत नाही. रात्रपाळीत असलं काही मनात येतं आणि हातातलं इंजेक्शन तसंच राहतं. बसचा विचार करा ना.

तुमची सिग्ने

शॉनव्हन
११ जून

चि. सिग्नेस आशीर्वाद.

केलं तुझ्या गाडीवाल्यांसारखं. तेल, चेन, प्लग, ब्रेक, सगळं बरोबर न्यायच्या कापडी गुंडाळीतल्या पान्यांनी झालं. हातोडी बाहेर गेली. कानस, मोठी पक्कड आणि अर्धे पानेही गेले. आता सहा किलो.

फजिती झाली ती मागच्या चाकाशी. एकही पाना बसेना. मग आठवलं, आख मोडला तेव्हा मी तो लेथवर स्वतःच कातला होता, आणि हाताशी होता म्हणून कापणीयंत्राचा इंची नट ठोकून दिला होता. जपानी गाडी मिलिमीटरची, तिच्यात एक नट इंचाचा. असला उद्योग आमच्या भागातच होतो. एक इंची पाना वाढवलाय.

खिडकी बसवली ते बरं केलं. मी पंधरा दिवस राहीन.

तुझा पप्पा

व्हाइटहॉर्स
१९ जून

ती. पप्पांस सा. न.

नटाची गोष्ट ऐकून कॉनराड पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. पाना सापडला असं तुम्ही लिहिलंत. चाक निघालं असं कुठे लिहिलं नाहीत. चाक उतरवून परत चढवल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंय.

निघालं का? खरं सांगा. आणि बस म्हटलं की तुम्हाला एवढं का लागतं, तेही सांगा. नाहीतर मी कार घेऊन तुम्हाला न्यायला येते.

सिग्ने

शॉनव्हन
२६ जून

चि. सिग्नेस,

नाही निघालं. बरोबर मापाचा पाना, दोनदा पाय रोवून ओढला. नट जागचा हलला नाही. अंगठ्यात जोर राहिलेला नाही. शेवटी ओरेस्टनं पान्याच्या दांड्यावर लांब पाइप घातला आणि एका हिसक्यात सोडवला. मी त्याचे आभार मानून त्याला घरी घालवलं. मला कुणी समोर नको होतं.

बसचं विचारतेस. तुझा तोरवाल्ड काका पाच वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन बसनं मुलाकडे रिजायनाला गेला, महिन्यासाठी. अजून मागच्या खोलीत आहे. ती माणसं चांगली आहेत, त्याला काही कमी नाही. पण मी गेलो होतो तेव्हा त्यानं कॉफी ठेवायच्या आधी सुनेला विचारलं. मला ते विसरता येत नाही. आपल्या गाडीनं आलेल्या माणसाची गाडी दारात उभी असते. तो आपला निघू शकतो.

मला तुझी भीती वाटत नाही. तुझी ती खिडकी मला आवडेल, याची वाटते. रोज गुंडाळी उलगडतो आणि परत बांधतो. हात मात्र कुठल्याच पिशवीत मिळत नाहीत.

पप्पा

व्हाइटहॉर्स
४ जुलै

ती. पप्पांस सा. न.

तुमचं पत्र वाचून खूप रडले. मग वॉर्डात जाऊन रजेचा अर्ज दिला.

दोघं मिळून निघाले की कुठलंच अवजार दोनदा न्यायचं नाही, ही तुमचीच शिस्त. तर वाटणी अशी. तुमच्याकडे सगळे पाने, तो इंची धरून, प्लग आणि चेनचं सामान. माझ्याकडे पंप, ट्यूबा, टायर काढायच्या पट्ट्या आणि एक लांब पाइप. मी माझी मोटरसायकल घेऊन दक्षिणेला निघते, तुम्ही उत्तरेला. बावीस तारखेला दुपारी डॉसन क्रीकला भेटायचं. तिथपर्यंत तुमचा रस्ता गावागावांतून आहे, हवा कुठेही मिळेल. पुढची खडी दोघांनी मिळून.

परतताना मी तिथपर्यंत सोडायला येईन. तारीख तुम्ही सांगायची, आत्ताच. आणि आमच्या घरात कॉफी ज्याला हवी त्यानं उठून करायची असते, जावईसुद्धा तेच करतात.

तुमची सिग्ने

शॉनव्हन
११ जुलै

चि. सिग्नेस अनेक आशीर्वाद.

पंप आणि पट्ट्या काढून शेडमध्ये फळीवर ठेवल्या. तीनदा परत आणल्या, तीनदा ठेवल्या. विसाव्या वर्षापासून पंपाशिवाय मी गावाबाहेर पडलेलो नाही. ओरेस्टनं पिशवी उचलून पाहिली आणि काहीतरी राहिलंय म्हणाला. मी सांगितलं, राहिलं नाही, ते लेकीकडे आहे.

एकोणीसला सकाळी निघतो. परतीची तारीख नऊ ऑगस्ट, तशी रजा मागून ठेव.

डॉसन क्रीकला उशीर करू नकोस. माझ्याजवळ पंप नाही.

तुझा पप्पा