बचाव शिकवण्यासाठी पंधरा मिनिटे मिळण्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
सार्वजनिक व्यायामशाळा विभाग.

विषय : मुष्टियुद्ध केंद्रात बचावाचे वैयक्तिक मार्गदर्शन मिळण्याबाबत.
संदर्भ : केंद्राच्या दारावरील फलक, "प्रत्येक सभासदाकडे वैयक्तिक लक्ष".

महोदय,

मी वरील केंद्राची सभासद असून वय वर्षे चोपन्न, व्यवसाय शिवणकाम. अर्ज स्वतःच लिहिला आहे, चुका पोटात घालाव्यात.

१. माझे पती घड्याळे दुरुस्त करीत. तीन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार आहे. ज्यांनी उभ्या संसारात आवाज चढवला नाही, ते आता मी सदऱ्याची बटणे लावू लागले की मला चोर समजून ठोसे मारतात. दोष त्यांचा नाही. मार चुकवता यावा आणि चुकवताना त्यांना लागू नये, एवढ्यासाठीच मी प्रवेश घेतला. पत्रकात 'उद्देश' या रकान्यात मी 'बचाव' लिहिले होते. कारकुनाने ते खोडून 'वजन कमी करणे' केले.

२. केंद्राची रीत अशी की, प्रशिक्षक फक्त स्पर्धेच्या यादीतल्यांना शिकवतात. बाकीच्यांनी पिशवीवर ठोसे मारत राहायचे. चार महिन्यांत ते माझ्याशी तीनदा बोलले. पहिल्या दिवशी, "मावशी, ही पिशवी तुमचीच समजा." नंतर एकदा, "मावशी, जाताना पंखा बंद करा." धीर करून बचावाचे विचारले तेव्हा, "ते पुढचं. आधी हात तयार होऊ द्या." यादीतल्या मुली म्हणाल्या, "मावशी, काकांचं आता काही खरं नाही!" मीही हसले.

३. हात तयार झाला. गेल्या मंगळवारी सकाळी पतींचा चष्मा पुसून लावत असताना त्यांनी मारले, आणि माझा उजवा हात मला न विचारता गेला. त्यांचा ओठ फाटला, दोन टाके पडले. त्या हाताला चार महिने दुसरे काही कोणी दाखवलेच नव्हते. प्रशिक्षकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाले, "एकाच ठोशात? मावशी, नाव देता का यादीत?"

४. सबब विनंती की, मला बचावाची पंधरा मिनिटे द्यावीत, शक्यतो याच आठवड्यात. यादीत नाव देणे ही अट असल्यास तेही देते. रिंगणात उभी राहीन, मार खाईन, मारणार नाही. हे जमत नसल्यास माझे सभासदत्व रद्द करून मला पिशवीजवळ फिरकू देऊ नये.

५. घाईचे कारण असे की, मंगळवारपासून ते मला मारत नाहीत. मी ताट घेऊन जवळ गेले की दोन्ही मुठी गालाशी धरतात, हनुवटी छातीला टेकवतात आणि तसेच बसून राहतात. घास भरवता येत नाही. लेकीचे नाव त्यांना आठवत नाही. माझा हात आठवतो.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सभासद क्रमांक ४१२
(सही)
दिनांक : १९, शुक्रवार

सोबत :
१. प्रवेशपत्रकाची प्रत, खाडाखोडीसह.
२. दवाखान्याचा कागद. त्यावर 'घसरून पडले' असे आहे, ते मी सांगितले म्हणून. ते खोटे आहे.