पिंपळवंडीत बसून इथरची एन्ट्रॉपी

१२ जानेवारी १९९९
सासूबाईंना उठवून बसवलं, पेज भरवली. उजवी बाजू अजून तशीच लुळी. जीभही जड, सगळे शब्द सारखेच ऐकू येतात. त्या झोपल्यावर इथर या रसायनांचं गणित घेऊन बसले. रेणूचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचं माप, तक्त्यातून घ्यायची, बेरीज करायची. फिरवल्यावर रेणू तसाच दिसत असेल तर त्यापोटी थोडी वजा. प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून तर पुण्याच्या सरांनी पीएच.डी.चा हा भाग घरी करू दिलाय. बेरीज अर्धी असताना हाक आली. सा.बां.ची हाक म्हणजे वाटी आपटणं.

२० जाने.
फांदीसारखी साखळी असलेल्या एका इथरचा आकडा प्रयोगशाळेतल्या छापील मोजमापाशी जुळत नाही. माझा बराच जास्त. चूक माझीच असणार. कुठे ते सापडेना.

४ फेब्रु.
परत सगळं केलं. फिरवण्याची सममिती धरली होती, बरोबर धरली होती. छापील आकडा धरून पुढचं गणित केलं तर ऑक्सिजनशेजारचा कार्बन-हायड्रोजन बंध भलताच कच्चा निघतो. जवळच्या कुठल्याच इथरमध्ये एवढा कच्चा नाही. सरांना लिहिलं, मोजमाप चुकलं असावं. पाकीट पोस्टात टाकलं.
हे चाकणहून सुट्टीला आलेत. "घरात बसून तू प्रयोगशाळेचं मोजमाप चुकीचं ठरवलंस?" म्हणून हसले. मनात वाईट काही नव्हतं.

११ मार्च
बूथवाल्याचा निरोप, सरांचा फोन येणार. तात्या, म्हणजे सासरे, सा.बां.पाशी बसले, म्हणून जाता आलं. सरांनी नमुना शुद्ध करून परत मोजायला लावला. "तुमचा आकडा बरोबर आहे." मी नुसतं हो म्हटलं. मग म्हणाले, उरलेले इथर तुम्ही स्वतः इथे येऊन मोजा, चार महिने लागतील. मेपासून. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत आता वाढणार नाही. बाहेर टोमॅटोच्या टेम्पोंचा गोंगाट, निम्मं मला ओरडूनच बोलावं लागलं. परत येताना मुद्दाम सावकाश चालले.

१२ मार्च
जेवताना सांगितलं. तात्या म्हणाले, "नाय कोण म्हणतंय? जा की. हिचं तेवढं कायतरी बघ."
नाही म्हटले असते तर भांडता तरी आलं असतं.

२१ मार्च
वन्सं बेल्ह्याहून आईला बघायला आल्या. विचारलं, चार महिने राहाल का. "आले असते गं वैनी. पण आमच्या गोठ्याचं कोण करंल? आन् आईला तुझ्याच हातचं लागतंय." आईची वेणी घातली, डोळे पुसले, दुपारच्या गाडीने गेल्या.
खरं बोलल्या. गोठ्याचं खरंच कोण करणार?

२ एप्रिल
गावातल्या सखूबाईंना बोलावलं, जमतंय का बघू म्हणून. चांगली बाई, मायेनं बोलते. सा.बां.नी तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. शेवटी मीच चमचा धरला, आणि त्यांनी लगेच आ केला. एवढा राग आला की चमचा त्यांच्या दातावर आपटला. त्यांनी पुढच्या चमच्याला परत आ केला.
सखूबाई जाताना म्हणाल्या, "तुमचा लई लळा लागलाय त्यांना."

८ एप्रिल
हे म्हणतात, सरांना सांगून बघ, पुढच्या वर्षी—
वाक्य पुरं व्हायच्या आत मी उठले. भाकरी करपत नव्हती, तरी उठले. नंतर माळ्यावरून बॅग काढली. हे बघत होते. रात्री बॅगेची चेन अडकत होती तेवढी तेल घालून नीट करून दिली.

१९ एप्रिल
तात्या रानात जायच्या तयारीत. मी सा.बां.च्या खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. सरांचं, मुदतीचं, इथरचंसुद्धा. आजवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, मीही नाही. म्हटलं, आई, मी पुण्याला जाऊ का?
त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग सगळा जोर लावून बोलल्या.
मला ऐकू आलं, जा.
तात्या दारातून म्हणाले, "ऱ्हा म्हणती ती."
परत विचारलं. परत तोच आवाज, आणि डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं.
तिसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही.