दोरी, चिमटे आणि बुटांच्या वचनाची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, घरात ‘धाकटी’ आणि गल्लीत ‘दोरीवाली’ म्हणून ओळखली जाणारी, डोके ठिकाणावर असताना आणि पोट मात्र नसताना, रुग्णालयाच्या खाटेवर बसून ही निरवानिरव लिहून ठेवत आहे. उद्या सकाळी माझे अपेंडिक्स काढणार आहेत. डॉक्टरीणबाईंच्या मते यात मृत्युपत्र करण्याजोगे काहीही नाही. परंतु ‘काळजीचे कारण नाही’ हे वाक्य मी जाहीरनाम्यातही वाचले आहे. तेव्हा लिहून ठेवलेले बरे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आई शेजारून ‘जरा पड आता’ म्हणत आहे, ते दडपण धरू नये.

कलम पहिले. माझी पुस्तके मैत्रिणीला द्यावीत. निम्मी तशीही तिच्याचकडे आहेत. टेबलावरचा दिवा आईला. निबंधाची पदके कोणाला हवी असल्यास न्यावीत. वक्तृत्वाचे एकही नाही, कारण व्यासपीठावर माझी दातखीळ बसते, हे सर्वांना ठाऊकच आहे.

कलम दुसरे, म्हणजे खरी इस्टेट. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत मी एक दोरी बांधली आहे. विद्यमान सरकारने निवडणुकीत संरक्षणाविषयी दिलेली वचने, एका पुठ्ठ्यावर एक, तिच्यावर टांगली आहेत. पाळले त्याला हिरवा चिमटा, मोडले त्याला लाल, वाटेत असेल त्याला पिवळा. दोरी जरा खाली असल्याने येणाऱ्याला वाकावे लागते. जाहीरनाम्यापुढे मान तुकवावी लागणारे हे एकमेव घर, असे दादा म्हणतो. आईने एकदा ओल्या मोज्यांसाठी त्यातले चिमटे काढले आणि नौदलाच्या चार नव्या युद्धनौका बादलीत बुडाल्या. त्याबद्दल मी तिला माफ केले आहे. तिचे म्हणणे, माफी मीच मागायची होती, कारण दोरी मुळात तिची.

दोरीचा नियम एकच. घोषणा म्हणजे पूर्तता नव्हे. करार नव्हे, कोनशिला नव्हे, फीत कापणे तर नव्हेच. वस्तू ज्याच्यासाठी आहे त्याच्या हाती पडली आणि उपयोगी आली, की हिरवा.

कलम तिसरे. ही दोरी मी काका आणि मैत्रीण यांना समाईक देत आहे. काका सत्ताधारी पक्षाचे जुने कार्यकर्ते. ते चहाला आले की कप रिकामा होईतो दोरीवर हिरवळ पसरते. मैत्रीण आली की तीच दोरी लालेलाल होते. म्हणून दोघांचे एकमत झाल्याशिवाय एकही चिमटा बदलू नये. असे क्वचितच घडेल, पण जे घडेल ते खरे असेल. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचे यजमान सीमेवर शहीद झाले. वचनातले वाढीव निवृत्तिवेतन बाईंना खरोखर मिळू लागले, तेव्हा मी हिरवा चिमटा लावला. मैत्रीण आठवडाभर बोलली नाही. काका मात्र घरोघर सांगत सुटले, की पुतणी अखेर शहाणी झाली. मी होते तिथेच होते.

कलम चौथे, बुटांचे. दादा बर्फातल्या चौकीवर आहे. तिथल्या प्रत्येक सैनिकाला हिवाळ्यापूर्वी नवे उबदार बूट, असे वचन होते. हिवाळ्याच्या तोंडावर ‘वचनपूर्ती’ म्हणून दूरदर्शनवर बुटांच्या पेट्याही दिसल्या. दादा सुट्टीवर आला, तेव्हा काका दोरीखालीच हिरवा चिमटा घेऊन उभे होते.

“काय रे, आले ना बूट?”

“आले ना काका. बूट आलेत, आता त्या मापाचे पाय यायचेत.”

सगळी खेप एकाच मापाची होती. दादा पुढच्या बाजूला कागद कोंबून चालत होता. आम्ही पोट धरून हसलो, काकाही हसले. मग दादाने मोजे काढले. त्याची नखे काळी पडली होती. आईने पाणी तापवून घमेल्यात ओतले. काकांनी चिमटा खिशात टाकला आणि चहा न घेताच गेले.

तो पुठ्ठा आजही पिवळ्यावर आहे. त्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही. दादाने त्याच्या मापाचे बूट घालून, दोन्ही पायांनिशी घरी यावे, दारात ते काढावेत, आणि आईने त्याची बोटे पाहावीत. ती ‘ठीक आहे’ म्हणाली तरच हिरवा.

कलम पाचवे, जुना हिशेब. त्यानंतर पक्षाची कार्य-अहवाल सभा झाली. प्रश्न चिठ्ठीवर मागवले होते, म्हणून माझ्यासारखीलाही धीर झाला. मी लिहिले: ‘बूट मोजण्यापूर्वी पाय मोजले होते का?’ चिठ्ठ्या काकांकडे होत्या. त्यांनी माझी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि ‘वेळ संपली’ असे जाहीर केले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढेच बोलते. तो प्रश्न मी त्यांच्याच नावे करत आहे. पुढच्या सभेत त्यांनी तो मोठ्याने वाचावा. मी जगले तरी माझ्याने तो मोठ्याने वाचवणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आईने करावी. चिमटे परत मिळवण्यात तिचा स्वार्थ असल्याने ती चालढकल करणार नाही. लाभार्थ्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, याची मला जाणीव आहे. परंतु दुसऱ्या साक्षीदाराने आपल्याला यातून कसलाही लाभ नसल्याचे वाचताक्षणीच स्पष्ट केले आहे.

स्थळ: रुग्णालय, स्त्रियांचा कक्ष, खिडकीजवळची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.

सही: धाकटी

साक्षीदार पहिली: कक्षातील परिचारिका. (सही केली. पेशंटने आता विश्रांती घ्यावी.)

साक्षीदार दुसरा: काका. वाचले. हरकती पुष्कळ आहेत, त्या तू घरी आल्यावर सांगेन. चिठ्ठी फेकलेली नाही, पाकिटात आहे. पुढच्या सभेत वाचतो, पण तू पहिल्या रांगेत बसलेली हवीस. नसलीस तर वाचणार नाही, मग बस भांडत.